उघडी जीप आणि सोसायटीतील मांजरे

रात्री उभी केलेली जीप सकाळी बाहेर काढावी, तर बैठकीवर मातकट पावलांचे ठसे, पाठीच्या रेक्झिनवर नखांचे ओरखडे आणि चाकाजवळून येणारा उग्र दर्प! छत नसलेले किंवा कापडी छताचे वाहन बाळगणाऱ्या शहरी वाहनधारकांना हा अनुभव नवा नाही. बंद मोटारीच्या काचा वर केल्या की प्रश्न मिटतो. जुनी जीप, १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, २०१० नंतर रस्त्यावर दिसू लागलेली कापडी छताची महिंद्र थार आणि दोन्ही बाजूंनी मोकळी असलेली ऑटोरिक्षा यांना ती सोय नसते. मोकळी हवा हेच या वाहनांचे वैशिष्ट्य आणि तीच मांजरांसाठी उघडी वाट.

या उपद्रवावर घरोघरी सुचवले जाणारे उपाय अनेक आहेत. डांबरगोळ्या, फिनाइल, लाल तिखट, रंगीत पाण्याच्या बाटल्या अशी त्यांची यादी लांबत जाते. त्यांपैकी बरेचसे निरुपयोगी, काही मांजराच्या जिवावर बेतणारे, तर काही चक्क कायद्याने गुन्हा ठरणारे आहेत. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा क्रम साधा आहे. आधी आत शिरण्याची वाट बंद करावी, मग वाहनात राहिलेला वास नाहीसा करावा आणि शेवटी मांजराला जवळपास दुसरी सोयीची जागा मिळेल असे पाहावे. यांतील पहिली पायरी गाळून पुढच्या पायऱ्यांवर कितीही खर्च केला, तरी तो वाया जातो.

मांजर गाडीतच का येते?

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील रानमांजर. उष्णतेची ओढ या प्राण्यात मुळातच आहे. मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि माणसाला उकाडा वाटावा अशा ३० अंशांच्या पुढच्या हवेत ते आरामात असते. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपून किंवा पेंगत काढते. साहजिकच झोपण्याची जागा ही त्याच्या दृष्टीने अन्नाइतकीच महत्त्वाची बाब ठरते.

नुकत्याच बंद केलेल्या गाडीचे बॉनेट तासभर तरी ऊब धरून राहते. बैठकीची गादी मऊ असते, वर छपराचा आडोसा मिळतो आणि जमिनीपासून उंची असल्यामुळे कुत्र्यांपासून संरक्षण होते. ऊब, मऊपणा, कोरडेपणा आणि उंची या चारही गोष्टी एकाच ठिकाणी देणारी जागा इमारतीच्या आवारात दुसरी सहसा नसते. पावसाळ्यात आवारातील कोपरे ओले झाले आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा वाढला, की गाडीतील वर्दळ वाढते ती यामुळेच.

दुसरे कारण अन्नाचे. वडापावचा चुरा, बिस्किटांचे तुकडे, बाजारातून आणलेल्या मासळीच्या पिशवीतून गळलेले पाणी, सुकटीचा वास असे काहीही मांजराला पुरते. माणसाच्या नाकाला जाणवत नाही तेही मांजराला सहज कळते. शिवाय अशा खरकट्याच्या मागे आधी उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर. ज्या गाडीत मांजर वारंवार शिरते, त्या गाडीच्या इंजिनाच्या पोकळीत उंदराने कुरतडलेल्या वायरी आहेत का, हे एकदा पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरे कारण हद्दीचे. मांजर गाल घासून, नखे ओरबाडून आणि मूत्र शिंपडून आपली जागा ठरवते. पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असल्यामुळे ओरखडा हा नुसता ओरखडा नसतो. इतर मांजरांसाठी ती दिसणारी आणि वासाने वाचता येणारी खूण असते. बोका शेपटी ताठ उभी करून, थरथरवत चाकावर किंवा दारावर मागच्या बाजूने मूत्राची पिचकारी मारतो. आवारातला दुसरा बोका तिथे येतो, तो वास हुंगतो आणि त्यावर आपली खूण करतो. एकदा हा सिलसिला सुरू झाला, की गाडी ही जणू परिसरातील बोक्यांची सूचनाफलकाची जागा बनते.

वाट बंद करणे हाच मुख्य उपाय

निरोगी मांजर जागच्या जागी उभे राहून सुमारे दीड मीटर उंच उडी मारू शकते. जीपची बाजू माणसाच्या कंबरेएवढी. त्यामुळे दार बंद ठेवणे किंवा मागचा फळका वर करणे याला मांजराच्या लेखी काही अर्थ नाही. अडवायचे असेल, तर वरची आणि बाजूची पोकळीच झाकावी लागते.

ज्या वाहनाला कापडी हूड आणि बाजूचे पडदे आहेत, त्याच्या मालकाने रात्री ते पूर्ण लावण्याची सवय ठेवावी. हूड लावलेले पण पडदे गुंडाळलेले, ही स्थिती मांजरासाठी सर्वांत उत्तम. वर छप्पर आणि बाजूने मोकळी वाट असे तिला दोन्ही मिळते. जुन्या जीपच्या पडद्यांची टिचबटणे तुटलेली किंवा चेन बिघडलेली असते. कुशनचे काम करणाऱ्या कारागिराकडून ती दुरुस्त करून घ्यावीत. खालची कड सैल राहिली, तर मांजर डोक्याने ती उचलून आत शिरते. जिथून त्याचे डोके जाते, तिथून बाकीचे शरीरही बहुधा जाते. म्हणून फट तपासताना तळहाताच्या रुंदीचे अंतरही दुर्लक्षू नये.

हूड नसल्यास संपूर्ण गाडीचे आच्छादन वापरावे. येथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे मोजमापापेक्षा मोठे आच्छादन घेणे. त्याच्या घड्यांत मांजराला झोळीसारखी झोपायची जागा मिळते आणि खालून आत जाणेही सोपे होते. आच्छादन गाडीच्या मापाचे असावे आणि त्याच्या खालच्या कडेत इलॅस्टिक असावे किंवा पोटाखालून पट्टा बांधता यावा. दुसरी चूक म्हणजे पावसाळ्यात हवा न खेळणारे प्लास्टिक वापरणे. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याखाली ओल कोंडते, फोमला बुरशी येते आणि पत्र्याला गंज चढतो. पाणी अडवणारे पण वाफ बाहेर सोडणारे कापड महाग असले, तरी तेच परवडते. साधी ताडपत्री वापरायची असेल, तर ती मधोमध उंच राहील अशी दोरी किंवा आडवी नळी खाली द्यावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि हवाही खेळते.

आच्छादनाला खर्चाने हलका पर्याय म्हणजे जाळी. मुंबई-पुण्यात कबुतरांना अडवण्यासाठी सज्जांना लावतात ती नायलॉनची जाळी या कामी येते. गाडीच्या उघड्या भागाच्या मापाची जाळी कापून तिच्या कडेला पट्टी शिवून घ्यावी आणि सांगाड्याच्या नळ्यांना आकड्यांनी किंवा वेल्क्रोने ती ताणून बसवावी. ताण महत्त्वाचा. सैल जाळीत मांजराचे पंजे आणि पिल्लांच्या माना अडकण्याचा धोका असतो. ताठ जाळीवर मात्र मांजर एकदोनदा पाय टाकून पाहते आणि डळमळीत जागा नापसंत करून निघून जाते. जाळीमुळे हवा खेळती राहते, हा उन्हाळ्यात मोठाच फायदा. पाऊस मात्र ती अडवत नाही.

रिक्षाचे गणित थोडे वेगळे आहे. रिक्षाचालकाला रोज पहाटे गाडी काढायची असते, त्यामुळे गुंतागुंतीचे आच्छादन टिकत नाही. दोन्ही बाजूंना रेक्झिनचे गुंडाळता येणारे पडदे लावून ते रात्री खाली सोडणे आणि दोरीने बांधणे, एवढे पुरेसे ठरते. मागच्या बैठकीची गादी सुटी असल्यास ती उभी करून ठेवावी. मऊ आणि सपाट जागाच नाहीशी झाली, की आत येण्याचे निम्मे कारण संपते. जीपधारकांनाही हा उपाय अवलंबता येतो. घडी होणाऱ्या बैठका रात्री दुमडून ठेवाव्यात किंवा बैठकीवर खडबडीत, उलटे केलेले प्लास्टिकचे पायपुसणे पसरावे. टोकदार खिळे किंवा काटेरी तार मात्र कधीही वापरू नये.

झाकण्याआधी पाहणे

गाडी झाकण्याच्या बाबतीत एक अडचण अशी, की ती उभी केल्याबरोबर आच्छादन घालता येत नाही. सायलेन्सर आणि इंजिन तापलेले असते व कापड वितळण्याचा किंवा पेटण्याचा धोका असतो. साधारण अर्धा तास थांबावे लागते. नेमका तोच अर्धा तास मांजराच्या आवडीचा. गाडी उबदार असते आणि आसपास कोणी नसते. अशा वेळी मालक येऊन अंधारात आच्छादन ओढतो, पट्टे बांधतो आणि मांजर आत अडकते.

मालक चार दिवस गावाला गेला असेल, तर आत अडकलेल्या मांजराचे काय होईल, हे सांगायला नको. उन्हात उभ्या असलेल्या झाकलेल्या गाडीत काही तासांत जिवावर बेतू शकते. पिल्ले असलेली भाटी आत अडकली, तर बाहेर तिची पिल्ले उपाशी मरतात. म्हणून आच्छादन घालण्यापूर्वी बैठकीखाली, मागच्या सामानाच्या जागेत आणि पायाजवळच्या कोपऱ्यांत विजेरीचा झोत टाकून पाहावे. दोन मिनिटांचे हे काम नियमाने करावे.

सकाळचीही एक सवय लावून घ्यावी. थंडी-पावसात मांजरे, विशेषतः पिल्ले, खालून इंजिनाच्या पोकळीत चढतात आणि पंख्याच्या पट्ट्याजवळ झोपतात. गाडी सुरू होताच त्यांच्या चिंधड्या उडतात. हा धोका उघड्या आणि बंद, दोन्ही प्रकारच्या वाहनांना सारखाच आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर तळहाताने दोन-तीन थापा माराव्यात, चाकांच्या वरच्या पोकळीत डोकावावे आणि क्षणभर थांबावे. आतून आवाज आला, तर बॉनेट उघडून वाट मोकळी करावी. पिल्लू अडकून बसले असेल, तर ओढाताण करू नये. प्राणिमित्र संस्थेला किंवा अग्निशमन दलाला बोलवावे.

वास राहिला, तर मांजर परत येते

वाट बंद केल्यानंतरही मांजरे गाडीभोवती घुटमळतात, कारण जुन्या मूत्राचा वास त्यांना बोलावत असतो. मांजराच्या मूत्रात गंधकयुक्त द्रव्ये असतात, तर मूत्र वाळल्यावर युरिक आम्लाचे बारीक स्फटिक फोममध्ये रुतून बसतात. हे स्फटिक साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. कोरड्या हवेत वास गेल्यासारखा वाटतो आणि जूनमध्ये हवा दमट झाली की पुन्हा उफाळतो. “गाडी धुतली, तरी पावसाळ्यात वास येतोच” या तक्रारीचे मूळ येथे आहे.

डाग ताजा असेल, तर जुन्या सुती कापडाने तो टिपून घ्यावा. चोळू नये, चोळल्याने तो आत जिरतो. मग थोडे पाणी टाकून पुन्हा टिपावे. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे विकरयुक्त स्वच्छताद्रव्य वापरावे. त्यातील विकरे दुर्गंधी निर्माण करणाऱ्या द्रव्यांचे विघटन करतात. हे द्रव्य लावून लगेच पुसू नये. डब्यावर सांगितलेला वेळ ते ओले राहू द्यावे. ते न मिळाल्यास पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर आणि वाळल्यावर वर भुरभुरलेला खाण्याचा सोडा यांनी बराच फरक पडतो. कोणतेही द्रव्य आधी बैठकीच्या न दिसणाऱ्या भागावर लावून रंग जात नाही ना, ते पाहावे. मूत्र फोममध्ये खोल मुरले असेल, तर आवरण काढून फोम वेगळा धुणे आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवणे याला पर्याय नाही.

दोन गोष्टी मात्र निक्षून टाळाव्यात. अमोनिया असलेली द्रव्ये वापरू नयेत, कारण त्यांचा वास मूत्राशी जुळतो आणि मांजराला ती आपल्या जातभाईची खूण वाटते. दुसरे म्हणजे मूत्रावर ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनयुक्त द्रव ओतू नये. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वसनमार्गाला घातक असा वायू तयार होतो.

केस काढण्यासाठी ओलसर रबरी हातमोजा बैठकीवरून एकाच दिशेने फिरवावा. केस गोळा होऊन येतात. दम्याचे किंवा ॲलर्जीचे रुग्ण घरात असतील, तर केस काढल्यावरही बैठक ओल्या कापडाने पुसावी. ॲलर्जीला कारणीभूत ठरणारे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत असते आणि कोंड्याबरोबर ते सर्वत्र पसरते. विष्ठा आढळल्यास हातमोजे घालून त्याच दिवशी काढावी. काही मांजरांच्या विष्ठेत असणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यापासून साधारण एका दिवसानंतर संसर्गक्षम होतो. गर्भवती स्त्रियांनी ही सफाई स्वतः करू नये.

वासाचे उपाय आणि काही समजुती

संत्र्या-लिंबाच्या साली, कॉफीचा चोथा, व्हिनेगर यांचे वास बऱ्याच मांजरांना आवडत नाहीत, हे खरे. मात्र मोकळ्या गाडीत हे वास काही तासांतच विरतात आणि सालींना बुरशी येते. पूरक उपाय म्हणून ते रोज करणाऱ्याला थोडा लाभ होईल. एकदा साली टाकून महिनाभर निर्धास्त राहू पाहणाऱ्याची मात्र निराशा होईल.

कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारी विजेवरील यंत्रे बाजारात मिळतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे. यंत्रामागील तत्त्व असे बिनचूक आहे. परदेशात बागांमध्ये झालेल्या चाचण्यांत अशा यंत्रांमुळे मांजरांच्या फेऱ्या काही प्रमाणात कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. बंदिस्त पार्किंगमध्ये खांब आणि गाड्या आवाज अडवतात. कुत्र्यांनाही तो ऐकू येत असल्याने शेजाऱ्यांच्या पाळीव कुत्र्याला नाहक त्रास होऊ शकतो.

लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची पद्धत तर गल्लोगल्ली दिसते. मांजराला लाल रंग नीट ओळखताही येत नाही आणि बाटली हलत नाही, हे त्याला एका दिवसात कळते. बाटलीजवळच अंगाचे मुटकुळे करून झोपलेले मांजर हे या उपायाचे पुरेसे परीक्षण होय.

हे कदापि करू नये

फिनाइल आणि त्या वर्गातील जंतुनाशके मांजरासाठी विषारी आहेत. फिनॉल वर्गातील द्रव्यांचे शरीरात रूपांतर करून ती बाहेर टाकण्याची यकृताची जी यंत्रणा माणसात किंवा कुत्र्यात असते, ती मांजरात अत्यंत दुबळी असते. मांजर फिनाइल पीत नाही, पण त्यावरून चालून नंतर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. डांबरगोळ्यांतील नॅप्थलिनही तसेच घातक असून उघड्या गाडीतील गोळ्या लहान मुलांच्या हाती लागण्याचा धोका वेगळाच. निलगिरी, टी ट्री, लिंबूवर्गीय अशा सुगंधी तेलांचे अर्कही याच यादीत येतात. साल चालते म्हणून तेल चालेल असे नाही.

तिखटाने मांजराचे डोळे आणि नाक पोळते. शिवाय उघड्या गाडीत सकाळी वारा लागताच तेच तिखट चालकाच्या डोळ्यांत जाते. उंदीर पकडण्याचे चिकट कागद बैठकीवर ठेवण्याचा प्रकार क्रूर आहे. मांजराची कातडी सोलवटते आणि पिल्ले चिकटून मरतात. गाडीत पिसवा झाल्या म्हणून परमेथ्रिन असलेला फवारा मारणेही टाळावे. कुत्र्यांवर सर्रास वापरले जाणारे हे औषध मांजरासाठी प्राणघातक ठरते. पिसवांसाठी बैठका व्हॅक्यूम क्लीनरने स्वच्छ करून उन्हात वाळवणे उत्तम.

नकळत होणारा एक अपघातही ध्यानात ठेवावा. रेडिएटरच्या शीतकद्रवात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते. चवीला ते गोडसर लागते आणि जेमतेम चमचाभर पोटात गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊन मांजर दगावू शकते. गळती दिसल्यास ती दुरुस्त करावी आणि जमिनीवरील थारोळे भरपूर पाण्याने लगेच धुऊन टाकावे.

गाडीत पिल्ले सापडली तर

“मांजर पिल्लांना सात घरे फिरवते” असे आपल्याकडे म्हणतात. आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही, पण निरीक्षण बरोबर आहे. जागेवर वर्दळ झाली, वास बदलला किंवा धोका वाटला, की भाटी पिल्लांना मानेच्या कातडीला धरून एकेक करून दुसरीकडे हलवते. कोरडी, उंच आणि दुर्लक्षित अशी उभी जीप तिला त्या सातांतील एक घर वाटते.

अशा वेळी पिल्लांना लगेच उचलून दूर नेणे ही सर्वांत मोठी चूक. आई बहुधा अन्नाच्या शोधात गेलेली असते आणि काही तासांत परतते. पिल्लांचे डोळे साधारण सात ते दहा दिवसांनी उघडतात आणि पहिले काही आठवडे आईच्या दुधाशिवाय ती सहसा वाचत नाहीत. त्यांना गायीचे दूध पाजणे हाही उपाय नव्हे, कारण ते पचत नाही. गाडीची निकड नसेल, तर दोन-चार दिवस तिला हात लावू नये. फेऱ्या वाढल्या की भाटी स्वतःच जागा बदलते. गाडी काढणे भागच असेल, तर पुठ्ठ्याच्या किंवा फळांच्या खोक्यात जुने कापड घालून, शक्यतो गाडीतीलच त्यांच्याखालचे कापड घेऊन, पिल्ले त्यात ठेवावीत. खोके गाडीपासून चार-पाच पावलांवर आडोशाला ठेवून आपण दूर व्हावे. आई त्यांच्या आवाजावरून आणि वासावरून त्यांना शोधते. दिवसभरात ती फिरकली नाही, तरच प्राणिमित्र संस्थेची मदत घ्यावी.

घाबरलेली भाटी चावते आणि ओरबाडते. मांजराच्या चाव्याने वा ओरखड्याने रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. जखम लहान आहे म्हणून थांबू नये.

कायदा काय सांगतो?

भटके मांजर कोणाचेच नसते, म्हणून त्याचे काहीही केले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, त्याला अपायकारक द्रव्य देणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला सोडून देणे हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

मांजरे पोत्यात घालून दूरच्या मंडईत किंवा डोंगरावर सोडून येण्याची पद्धत सर्रास आढळते. ती निर्दय तर आहेच, पण व्यर्थही आहे. अन्न आणि आडोसा कायम असेल, तर रिकाम्या झालेल्या हद्दीत थोड्याच काळात शेजारच्या आवारातील मांजरे येतात. सोडून दिलेले मांजर अनोळखी जागी बहुधा उपाशी मरते किंवा गाडीखाली येते.

सोसायटीने काय करावे?

एका गाडीवर आच्छादन घातले, की मांजर शेजारच्या गाडीत जाते. म्हणून कायमचा उपाय आवाराच्या पातळीवरच होऊ शकतो आणि त्याचा गाभा निर्बीजीकरण हा आहे. मादी चार ते सहा महिन्यांची झाली की वयात येते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि वर्षात दोन-तीन वेळा ती विते. दोन भाट्यांचे वर्षभरात काय होते, याचा हिशेब कोणीही करू शकेल. निर्बीजीकरणानंतर बहुतेक बोके मूत्र शिंपडणे थांबवतात किंवा ते खूपच कमी होते. रात्रीची भांडणे आणि आरडाओरडाही ओसरतो. म्हणजे जीपधारकाच्या तक्रारीचे निम्मे मूळ शस्त्रक्रियेनेच नाहीसे होते. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक खूण म्हणून किंचित छाटलेले असते, त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. या कामासाठी महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग, स्थानिक स्वयंसेवी संस्था किंवा जवळचे पशुवैद्यकीय रुग्णालय यांच्याकडे चौकशी करावी. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करीत आहे.

दुसरा प्रश्न खाऊ घालण्याचा. बहुतेक सोसायट्यांत मांजरांना दूध-भात घालणारे एखादे घर असते आणि गाडी खराब होणारे दुसरे. सर्वसाधारण सभेत दोघांची जुंपते आणि मांजर राहते बाजूला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातील समाजप्राण्यांसाठी खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी निवासी संघटनेवर टाकली आहे. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या भागापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी, अशी अपेक्षा आहे. याच न्यायाने ती पार्किंगपासूनही दूर ठेवता येईल. ठरलेल्या वेळी अन्न द्यावे आणि अर्ध्या तासाने भांडी उचलून जागा धुवावी. उरलेले अन्न पडून राहिले नाही, की उंदीर आणि घुशीही कमी होतात. कचऱ्याचे डबे झाकणाचे असावेत आणि ते गाड्यांजवळ नसावेत.

तिसरी गोष्ट झोपण्याच्या जागेची. खाऊ घालण्याच्या जागेजवळ, पंपघराच्या किंवा मीटरच्या खोलीच्या आडोशाला, जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीवर दोन-तीन लाकडी खोकी ठेवून त्यांत पोते अंथरावे आणि वर पावसाला अडवणारे प्लास्टिक टाकावे. खर्च नगण्य असतो. वाहनात ज्यासाठी मांजर येत होते, ती ऊब, कोरडेपणा आणि उंची तिथे मिळाली आणि गाडीची वाट बंद असली, की ते आपणहून मुक्काम हलवते. त्याच्याजवळच मातीने किंवा वाळूने भरलेले उथळ घमेले ठेवल्यास विष्ठेचा उपद्रवही कमी होतो. मात्र घमेले रोज साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले असावे.

थोडक्यात

— गाडीत खाद्यपदार्थ, मासळीच्या पिशव्या, खरकटे ठेवू नये.
— इंजिन निवल्यावर विजेरीने तपासूनच आच्छादन घालावे. खालची कड घट्ट बांधावी.
— जाळी वापरल्यास ती ताणून बसवावी.
— मूत्राचे डाग विकरयुक्त द्रव्याने काढावेत. अमोनिया आणि ब्लीच टाळावे.
— फिनाइल, डांबरगोळ्या, तिखट, चिकट कागद, सुगंधी तेलांचे अर्क वापरू नयेत.
— सकाळी बॉनेटवर थाप मारूनच गाडी सुरू करावी.
— पिल्ले आढळल्यास आईची वाट पाहावी.
— निर्बीजीकरण, खाऊ घालण्याची ठरलेली जागा आणि पर्यायी निवारा यांचा निर्णय सोसायटीने एकत्र घ्यावा.

यांतील कोणताही उपाय एका रात्रीत गुण दाखवत नाही. मांजर सवयीचा प्राणी आहे आणि सवय मोडायला त्याला दोन-तीन आठवडे तरी लागतात. त्या काळात एक रात्र जरी गाडी उघडी राहिली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आच्छादन रोज घालण्याचा कंटाळा मालकाला येतो, मांजराला वाट पाहण्याचा येत नाही. शहाण्या वाहनधारकाने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.